आर की एस? कायरल कार्बनपासून उत्पादितापर्यंत जाण्याचा योग्य क्रम

बारावीत हॅलोजन साधितांचा धडा झाल्यावर आणि पुढे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास विचारला जातो: अमुक रचनेच्या अल्किल हॅलाइडवर अमुक अभिकारकाची क्रिया केली, तर कोणते उत्पादित मिळेल आणि त्याची त्रिमितीय रचना कशी असेल? उत्तरे तपासताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. बहुतेक विद्यार्थ्यांना नियम पाठ असतात, पण ते चुकीच्या क्रमाने लावले जातात. अग्रक्रम लावण्याआधीच घड्याळाची दिशा पाहिली जाते, अभिक्रियेचा प्रकार ठरण्याआधी बाण काढले जातात, आणि रेणूची आकृती न काढताच ‘एसएन २ आहे, म्हणजे आर चा एस झाला’ असे लिहून मोकळे होतात. (एसएन २ म्हणजे नवा गट मागच्या बाजूने जोडला जातो आणि त्याच पायरीत जुना गट निघतो अशी प्रतिष्ठापन अभिक्रिया.) हे शेवटचे वाक्य कधी बरोबर येते आणि कधी साफ चुकते, आणि ते कधी चुकेल हे आकृतीशिवाय कळत नाही.

म्हणून या लेखात कामाचा क्रम दिला आहे. चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन म्हणजे कायरल कार्बन, आणि त्या गटांची अवकाशातली मांडणी दोनपैकी कोणती आहे हे आर किंवा एस या अक्षराने सांगतात. आर किंवा एस हे अक्षर त्या क्रमात सर्वांत शेवटी येते आणि प्रत्येक रेणूसाठी नव्याने ठरवावे लागते, एवढे आधीच लक्षात ठेवावे.

## तयारी

कागदावर काम सुरू करण्यापूर्वी हातात धरता येईल असा एक नमुना तयार करावा. प्लास्टिकचा मॉडेल-संच असेल तर उत्तमच. नसेल तर पुरीच्या कणकेइतकी घट्ट कणीक आणि दात कोरायच्या काड्या पुरतात. सैल कणीक घेऊ नये, कारण काड्या कलतात आणि कोन बिघडतात. लिंबाएवढा गोळा करून त्यात तीन काड्या तिवईच्या पायांसारख्या खोचाव्यात आणि चौथी सरळ वर उभी करावी. गोळा कोणत्याही तीन काड्यांवर उभा केला तरी तो सारखाच दिसला पाहिजे. तसे झाले की कोणत्याही दोन काड्यांमधला कोन सुमारे १०९.५ अंशांचा झाला असे समजावे. काड्यांच्या टोकांना हिरवा मटार, काळे द्राक्ष, गाजराचा तुकडा आणि भिजवलेला शेंगदाणा लावावा. असेच दुसरे मॉडेल पहिल्याची आरशातली प्रतिमा म्हणून बनवावे आणि दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात का हे स्वतः करून पाहावे. दोन टोके जुळवली की उरलेली दोन जुळत नाहीत, हे हाताला एकदा कळले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

कागदावर तीन गोष्टी तयार ठेवाव्यात.

पहिली, अणुअंकांची छोटी यादी: हायड्रोजन १, कार्बन ६, नायट्रोजन ७, ऑक्सिजन ८, फ्लोरिन ९, फॉस्फरस १५, गंधक १६, क्लोरीन १७, ब्रोमीन ३५, आयोडीन ५३. प्राथमिक अभ्यासात याहून जास्त लागत नाही.

दुसरी, दिलेल्या रेणूचे पूर्ण उलगडलेले सूत्र. नागमोडी रेघांच्या आकृतीत हायड्रोजन लपलेले असतात. ज्या कार्बनवर काम करायचे आहे त्यावरचे आणि त्याच्या शेजाऱ्यांवरचे हायड्रोजन पेन्सिलीने लिहून घ्यावेत.

तिसरी, पाचरींची खूण पक्की करणे. ठळक पाचर, जिला वर्गात ‘वेज’ म्हणतात, ती कागदातून आपल्याकडे येणारा बंध दाखवते. तुटक पाचर, म्हणजे ‘डॅश’, कागदामागे जाणारा बंध दाखवते. साधी रेघ कागदाच्या प्रतलातली असते. पाचरीचे निमुळते टोक नेहमी कायरल कार्बनवर असावे. ते उलटे काढले तर परीक्षकाला दुसराच कार्बन कायरल आहे असे वाटेल.

## टप्पा १ : कायरल कार्बन शोधणे

आधी नक्की कायरल नसलेले कार्बन खोडून टाकावेत: दुहेरी किंवा तिहेरी बंधातले सर्व कार्बन, आणि दोन किंवा अधिक हायड्रोजन असलेले सर्व कार्बन. उरलेल्या प्रत्येक कार्बनला जोडलेले चार गट वेगवेगळे लिहून पाहावेत.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे फक्त शेजारचे अणू पाहून थांबणे. ३-मिथिलहेक्झेनमधल्या तिसऱ्या कार्बनला तीन बाजूंनी कार्बनच जोडलेले आहेत, म्हणून तो कायरल नाही असे अनेक जण लिहितात. प्रत्यक्षात ते गट मिथिल, एथिल आणि प्रोपिल आहेत आणि चौथा हायड्रोजन आहे. चारही वेगळे आहेत. तुलना संपूर्ण गटांची करायची असते.

वलयाच्या बाबतीत कार्बनपासून दोन्ही दिशांनी वलयावर चालत जावे. मिथिलसायक्लोहेक्झेनमध्ये दोन्ही वाटा सारख्या लागतात, म्हणून तेथे कायरल कार्बन नाही. ३-मिथिलसायक्लोहेक्झेनोनमध्ये एका बाजूने कार्बोनिल गट लवकर लागतो आणि दुसऱ्या बाजूने उशिरा. म्हणून तेथे मिथिल गट असलेला कार्बन कायरल आहे.

सावधान: कायरल कार्बन असणे आणि रेणू कायरल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंचेच्या आंबटपणाला कारण असलेले टार्टारिक आम्ल घ्यावे. त्यात दोन कायरल कार्बन आहेत, त्यामुळे दोनाचा दुसरा घात म्हणून चार समघटक असतील असे वाटते. पण एका रचनेत रेणूचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाची आरशातली प्रतिमा असतो. ती मेसो रचना स्वतःच्या प्रतिमेवर तंतोतंत बसते आणि ध्रुवित प्रकाश वळवत नाही. म्हणून समघटक तीनच होतात. कायरल कार्बन किती हे मोजल्यावर रेणूत सममितीचे प्रतल आहे का, हे पाहिल्याशिवाय समघटकांची संख्या लिहू नये.

## टप्पा २ : चार गटांचा अग्रक्रम लावणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

(१) कायरल कार्बनला थेट जोडलेले चार अणू पाहावेत. ज्याचा अणुअंक मोठा, त्याचा क्रमांक वरचा. २-ब्युटेनॉलमध्ये ऑक्सिजन पहिला आणि हायड्रोजन चौथा हे लगेच ठरते.

(२) दोन अणू सारखे निघाले, तर त्या प्रत्येकाला पुढे जोडलेल्या तीन अणूंचा संच उतरत्या क्रमाने कंसात लिहावा. २-ब्युटेनॉलच्या एथिल गटासाठी (कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन) आणि मिथिल गटासाठी (हायड्रोजन, हायड्रोजन, हायड्रोजन). संच एकेका जागेने ताडून पाहावेत आणि पहिला फरक आढळला की तेथेच निकाल द्यावा. एथिल दुसरा, मिथिल तिसरा.

(३) संचही सारखे निघाले तर साखळीवर आणखी एक पाऊल पुढे जावे. प्रोपिल आणि एथिल यांचे पहिले संच सारखेच आहेत. पुढच्या पावलावर प्रोपिलला (कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन) मिळतो, तर एथिलला तीन हायड्रोजन मिळतात. म्हणून प्रोपिल वरचा.

(४) दुहेरी बंधातला अणू दोनदा मोजावा आणि तिहेरी बंधातला तीनदा. त्यामुळे अल्डिहाइड गटाच्या कार्बनचा संच (ऑक्सिजन, ऑक्सिजन, हायड्रोजन) होतो, कार्बॉक्सिल गटाचा (ऑक्सिजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन) होतो आणि सायनाइड गटाचा (नायट्रोजन, नायट्रोजन, नायट्रोजन) होतो.

आता दोन मोठ्या चुका पाहू.

पहिली चूक अणुअंकांची बेरीज करण्याची. प्रथिनांत आढळणाऱ्या सिस्टीन या अमिनो आम्लात कायरल कार्बनला अमिनो गट, कार्बॉक्सिल गट, हायड्रोजन आणि गंधक असलेली एक बाजूची साखळी जोडलेली असते. अमिनो गट पहिला आणि हायड्रोजन चौथा हे उघड आहे. उरलेल्या दोघांपैकी कार्बॉक्सिलचा संच (ऑक्सिजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन) आहे आणि बाजूच्या साखळीचा (गंधक, हायड्रोजन, हायड्रोजन). बेरीज केली तर २४ विरुद्ध १८ येतात आणि कार्बॉक्सिल जिंकल्यासारखे दिसते. पण नियमात बेरीज कुठेच नाही. पहिल्याच जागी ऑक्सिजनसमोर गंधक आहे, १६ हा ८ पेक्षा मोठा आहे, आणि तुलना तेथेच संपते. म्हणून गंधकाची साखळी दुसरी आणि कार्बॉक्सिल तिसरे. याच कारणाने प्रथिनांतले एल-सिस्टीन ‘आर’ ठरते, तर एल-अलानिन आणि एल-सेरिन ‘एस’ ठरतात, जरी या तिन्ही रेणूंत अमिनो गट, कार्बॉक्सिल आणि हायड्रोजन यांची अवकाशातली मांडणी एकसारखी असते. हे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला कणकेच्या मॉडेलवर करून दाखवतो. ज्याला ते कळले, त्याला पुढच्या एका टप्प्यावर येणारा सापळाही आपोआप कळतो.

दुसरी चूक दूरवरच्या जड अणूला भुलण्याची. आयसोप्रोपिल गट आणि २-ब्रोमोएथिल गट यांची तुलना करताना ब्रोमीन दिसताच त्याला वरचा क्रमांक दिला जातो. संच लिहून पाहिले तर आयसोप्रोपिलचा (कार्बन, कार्बन, हायड्रोजन) आणि ब्रोमोएथिलचा (कार्बन, हायड्रोजन, हायड्रोजन). दुसऱ्या जागी फरक सापडला, निकाल लागला. ब्रोमीनपर्यंत पोहोचण्याची गरजच उरली नाही. कायरल कार्बनपासून समान अंतरावरची सर्व तुलना संपल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

पडताळा: चारही गटांशेजारी १ ते ४ हे आकडे रंगीत पेनाने लिहिले आहेत का? कोणते दोन गट सारखे ठरले असतील, तर एक तर तुलना अर्धवट राहिली आहे, किंवा तो कार्बन कायरल नाही.

## टप्पा ३ : कोणत्या बाजूने पाहायचे हे ठरवणे

पलंगावर पडून छताच्या पंख्याकडे पाहावे. वर छताकडे जाणारी दांडी म्हणजे चौथ्या क्रमांकाचा गट. तो आपल्यापासून दूर असतो. खाली पसरलेली तीन पाती म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा गट. पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना नजर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली तर आर, उलट फिरली तर एस. पंखा गच्चीवरून पाहिला तर दिशा उलटी दिसेल. म्हणून चौथा गट नेहमी दूर ठेवण्याचा नियम आहे.

कागदावर तीन परिस्थिती संभवतात.

चौथा गट तुटक पाचरीवर असेल, तर जे दिसते तेच उत्तर. उदाहरणार्थ, २-ब्रोमोब्युटेनच्या आकृतीत कायरल कार्बन नागमोडी साखळीच्या शिखरावर आहे, ब्रोमीन वरच्या बाजूला ठळक पाचरीवर, एथिल उजवीकडे खाली, मिथिल डावीकडे खाली आणि हायड्रोजन तुटक पाचरीवर मागे आहे. वरून उजवीकडे आणि तेथून डावीकडे जाताना नजर घड्याळाप्रमाणे फिरते, म्हणून हा आर-२-ब्रोमोब्युटेन. ही आकृती वहीत काढून ठेवावी. ती पुढे लागणार आहे.

चौथा गट ठळक पाचरीवर असेल, तर दिशा नेहमीप्रमाणे पाहावी आणि उत्तर उलटे करावे.

चौथा गट कागदाच्या प्रतलात असेल, तर अंदाजाने ‘मनातल्या मनात फिरवून’ पाहू नये. चौथा गट आणि तुटक पाचरीवरचा गट यांची अदलाबदल करावी, नव्या आकृतीची दिशा पाहावी आणि उत्तर उलटे करावे. कोणत्याही दोन गटांची एकदा अदलाबदल केली की रचना उलटते, हाच त्यामागचा आधार आहे.

फिशर प्रक्षेपणात, म्हणजे अधिक चिन्हासारख्या आकृतीत, आडव्या रेघा आपल्याकडे येतात आणि उभ्या मागे जातात. लॅक्टिक आम्लाच्या आकृतीत कार्बॉक्सिल वर, मिथिल खाली, हायड्रॉक्सिल डावीकडे आणि हायड्रोजन उजवीकडे असेल, तर हायड्रॉक्सिलकडून कार्बॉक्सिलकडे आणि तेथून मिथिलकडे नजर घड्याळाप्रमाणे फिरते. पण हायड्रोजन आडव्या रेघेवर, म्हणजे आपल्याकडे आहे. उत्तर उलटे करावे: एस-लॅक्टिक आम्ल.

सावधान: फिशर आकृती कागदावर १८० अंशांतून फिरवली तर चालते, ९० अंशांतून फिरवली तर आडव्याचे उभे होते आणि रचना उलटते.

सावधान: आर-एस आणि अधिक-उणे यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. अधिक-उणे चिन्ह ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळते की डावीकडे, हे प्रयोगाने मोजून लिहितात. आर-एस आपण आकृतीवरून ठरवतो. आर-ग्लिसराल्डिहाइड प्रकाश उजवीकडे वळवते, तर आर-लॅक्टिक आम्ल डावीकडे. त्याहून बोलके उदाहरण असे की एस-लॅक्टिक आम्ल प्रकाश उजवीकडे वळवते, पण त्याचेच सोडियम लवण डावीकडे वळवते, आणि हे लवण बनताना कायरल कार्बनचा एकही बंध तुटलेला नसतो. म्हणून आर म्हणजे अधिक असे कधीही लिहू नये.

## टप्पा ४ : अभिक्रियेचा मार्ग ठरवणे

आता अभिक्रियेकडे वळावे. लीव्हिंग ग्रुप, म्हणजे बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन निघून जाणारा गट, कोणत्या कार्बनवर आहे हे आधी शोधावे. त्याची जागा घेणाऱ्या, इलेक्ट्रॉनांची जोडी देणाऱ्या अभिकारकाला न्यूक्लिओफाइल म्हणतात. एसएन २ मध्ये दोन्ही घटना एकाच पायरीत घडतात, तर एसएन १ मध्ये लीव्हिंग ग्रुप आधी निघतो आणि न्यूक्लिओफाइल नंतर जोडला जातो. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

(१) तो कार्बन कोणत्या प्रकारचा आहे, म्हणजे त्याला आणखी किती कार्बन जोडलेले आहेत (एक असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक)? मिथिल किंवा प्राथमिक असेल तर एसएन २ ची बाजू भक्कम, तृतीयक असेल तर एसएन २ जवळजवळ अशक्य, आणि द्वितीयक असेल तर पुढच्या प्रश्नांवर निर्णय अवलंबून. बेंझिन वलयावर किंवा दुहेरी बंधाच्या कार्बनवर थेट बसलेला हॅलोजन यांपैकी कोणत्याही मार्गाने सहजी निघत नाही. अलिल आणि बेंझिल हॅलाइडे प्राथमिक असूनही एसएन १ ने जाऊ शकतात, कारण त्यांच्या कार्बोकॅटायनचा (लीव्हिंग ग्रुप गेल्यावर उरणाऱ्या धनप्रभारित कार्बनचा) धनप्रभार अनुस्पंदनाने, म्हणजे शेजारच्या दुहेरी बंधांवर पसरून, विभागला जातो. निओपेंटिल ब्रोमाइड प्राथमिक असूनही एसएन २ मध्ये फार मंद असते, कारण शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथिल गट मागची वाट अडवतात.

(२) न्यूक्लिओफाइल किती प्रबळ आहे? सायनाइड, आयोडाइड आणि अझाइड प्रबळ. पाणी आणि अल्कोहोल दुर्बल. हायड्रॉक्साइड आणि अल्कॉक्साइड प्रबळ न्यूक्लिओफाइल आहेत, पण प्रबळ आम्लारीसुद्धा आहेत. द्वितीयक आणि तृतीयक हॅलाइडवर, विशेषतः अल्कोहोलमध्ये आणि उष्णता दिल्यास, ते हायड्रोजन ओढून घेऊन अल्कीन बनवतात. प्रश्नात ‘अल्कोहोली पोटॅश’ (अल्कोहोलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड) दिसले की प्रतिष्ठापन लिहिण्याआधी थांबावे.

(३) द्रावक कोणता आहे? अॅसिटोन, डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड) आणि डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) हे ध्रुवीय अप्रोटिक, म्हणजे हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देऊ न शकणारे, द्रावक एसएन २ ला पोषक. पाणी आणि अल्कोहोल हे प्रोटिक द्रावक आयनांना वेढून स्थिर करतात, म्हणून एसएन १ ला पोषक.

(४) लीव्हिंग ग्रुप चांगला आहे का? आयोडाइड सर्वांत सहज जातो, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड. फ्लोराइड जवळजवळ जात नाही. अल्कोहोलमधला हायड्रॉक्सिल गट तसाच निघत नाही. त्याला आधी आम्लाकडून प्रोटॉन मिळून तो पाणी म्हणून जाण्याजोगा व्हावा लागतो.

प्रश्नात वेगाची माहिती दिली असेल, तर ती या सर्वांपेक्षा विश्वासार्ह धरावी. न्यूक्लिओफाइलची संहती दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला तर एसएन २, बदलला नाही तर एसएन १.

## टप्पा ५ : बाण काढणे

वक्र बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा प्रवास दाखवतो. त्याची शेपटी एकाकी जोडीवर किंवा बंधावर असावी आणि टोक, जेथे ती जोडी जाते तेथे. धनप्रभारापासून किंवा एकट्या प्रोटॉनपासून निघालेला बाण नेहमी चूकच असतो, कारण तेथे देण्यासाठी इलेक्ट्रॉनच नाहीत.

एसएन २ साठी टप्पा ३ मधले आर-२-ब्रोमोब्युटेन आणि सायनाइड घ्यावे. येथे एकाच पायरीत दोन बाण असतात: सायनाइडच्या कार्बनवरील जोडीपासून कायरल कार्बनकडे, आणि कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. पहिलाच बाण काढून दुसरा विसरला तर कार्बनला पाच पूर्ण बंध होतात. संक्रमण अवस्थेत पाच गट दिसतात हे खरे, पण त्यातले दोन बंध अर्धवट असतात. ते तुटक रेघांनी दाखवावेत आणि ही अवस्था चौकटी कंसात लिहावी. ती बाटलीत भरून ठेवता येईल असे मध्यवर्ती संयुग नाही.

एसएन १ साठी ३-ब्रोमो-३-मिथिलहेक्झेन आणि पाणी घ्यावे. येथे तीन पायऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या काढाव्यात. पहिल्या पायरीत एकच बाण: कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. दुसऱ्या पायरीत पाण्याच्या ऑक्सिजनवरील जोडी कार्बोकॅटायनकडे जाते. आता ऑक्सिजनवर धनप्रभार आहे. तिसऱ्या पायरीत पाण्याचा दुसरा रेणू प्रोटॉन काढून घेतो, आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंधातली जोडी ऑक्सिजनकडे परतते. ही तिसरी पायरी गाळून थेट अल्कोहोल लिहिणारे विद्यार्थी फार आहेत, आणि त्यांच्या उत्तरात एक धनप्रभार कोणतेही कारण न देता नाहीसा झालेला असतो.

पडताळा: प्रत्येक पायरीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचा एकूण प्रभार मोजावा. दोन्ही सारखे नसतील, तर बाण किंवा प्रभार यांपैकी काही तरी चुकले आहे.

सावधान: कार्बोकॅटायन तयार झाला की शेजारच्या कार्बनकडे पाहावे. २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेनपासून पाण्यात बनलेला द्वितीयक कार्बोकॅटायन शेजारचा हायड्रोजन त्याच्या इलेक्ट्रॉन जोडीसह सरकवून तृतीयक होतो, आणि उत्पादित २-मिथिल-२-ब्युटेनॉल मिळते. त्यात कायरल कार्बनच उरत नाही.

## टप्पा ६ : उत्पादिताची आकृती काढणे

एसएन २ मध्ये न्यूक्लिओफाइल लीव्हिंग ग्रुपच्या नेमका विरुद्ध बाजूने येतो, म्हणून रचना उलटते. पावसाळ्यात वाऱ्याने पालथी होणारी छत्री हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे आणि ते योग्यच आहे, पण कागदावर त्यानेच एक घोटाळा होतो. छत्री डोळ्यांपुढे ठेवून विद्यार्थी उरलेले तीन गट डावीकडून उजवीकडे पलटवतो, आणि शिवाय ठळक पाचरीची तुटकही करतो. दोनदा उलटल्यामुळे रचना मूळपदावर येते.

सोपा आणि निर्धोक मार्ग असा: साखळी जशीच्या तशी पुन्हा काढावी, एकही गट जागचा हलवू नये, ब्रोमीनच्या जागी सायनाइड लिहावे, आणि फक्त त्याच्या पाचरीचा प्रकार बदलावा. ब्रोमीन ठळकवर होता, म्हणून सायनाइड तुटकवर आणि हायड्रोजन ठळकवर.

एसएन १ मध्ये कार्बोकॅटायन सपाट असतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकते. म्हणून दोन आकृत्या काढाव्यात, एकीत हायड्रॉक्सिल ठळकवर आणि दुसरीत तुटकवर, आणि मिश्रण रेसेमिक, म्हणजे दोन्ही आरशातल्या प्रतिमा समप्रमाणात असलेले, आहे असे लिहावे. प्रत्यक्षात उलटलेल्या रचनेचे प्रमाण बहुधा थोडे जास्त भरते, कारण निघालेला ब्रोमाइड आयन काही काळ आपल्या बाजूला घुटमळतो आणि ती वाट अडवतो. तसेच रेणूत दुसरा, अभिक्रियेत भाग न घेणारा कायरल कार्बन असेल, तर ‘रेसेमिक’ हा शब्द वापरू नये. मिळणारी दोन उत्पादिते एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नसतात, ती डायस्टिरिओमर असतात.

## टप्पा ७ : अक्षर नव्याने ठरवणे

उत्पादिताच्या आकृतीवर टप्पा २ आणि ३ पुन्हा पहिल्यापासून करावेत. जुने आकडे खोडून टाकावेत.

डीएमएसओमध्ये आर-२-ब्रोमोब्युटेनवर सोडियम सायनाइडची क्रिया झाल्यावर मिळणाऱ्या २-मिथिलब्युटेननायट्राइलमध्ये सायनाइड पहिला, एथिल दुसरा, मिथिल तिसरा, हायड्रोजन चौथा. वरून उजवीकडे आणि तेथून डावीकडे नजर घड्याळाप्रमाणे फिरते, पण हायड्रोजन ठळक पाचरीवर आहे, म्हणून उत्तर उलटे: एस. येथे आर चा एस झाला.

आता त्याच आकृतीत एथिल गटाच्या जागी मिथॉक्सिमिथिल गट ठेवावा, म्हणजे आर-२-ब्रोमो-१-मिथॉक्सिप्रोपेन मिळेल. ब्रोमीन पहिला, मिथॉक्सिमिथिल दुसरा, मिथिल तिसरा, अक्षर आर. अभिकारक तोच, द्रावक तोच, मागून येणारा हल्ला तोच, आणि पाचरीतला बदलही तोच. पण उत्पादितात संच लिहून पाहावेत: मिथॉक्सिमिथिलचा (ऑक्सिजन, हायड्रोजन, हायड्रोजन) आणि सायनाइडचा (नायट्रोजन, नायट्रोजन, नायट्रोजन). सिस्टीनमध्ये पाहिले तेच पुन्हा घडते: बेरीज १० विरुद्ध २१ असली तरी पहिल्याच जागी ऑक्सिजन नायट्रोजनला मागे टाकतो. मिथॉक्सिमिथिल पहिला झाला, सायनाइड दुसरा. उजवीकडून वर आणि तेथून डावीकडे जाताना नजर घड्याळाच्या उलट फिरते. हायड्रोजन आपल्याकडे आहे, म्हणून उत्तर उलटे करायचे: आर. रचना पूर्णपणे उलटली, आणि तरी अक्षर आर चे आर राहिले.

शेवटचा पडताळा: अक्षर बदलले नाही म्हणून आकृतीतली पाचर पुन्हा बदलू नये. मूळ रेणू आणि उत्पादित यांच्या आकृत्या शेजारी ठेवाव्यात आणि उत्पादिताच्या आकृतीत सायनाइडवर बोट ठेवून त्या जागी ब्रोमीन आहे असे समजावे. ही ‘ब्रोमीन धरलेली’ आकृती मूळ रेणूची आरशातली प्रतिमा असेल, तर एसएन २ बरोबर दाखवला आहे. ती मूळ रेणूशी तंतोतंत जुळत असेल, तर टप्पा ६ मध्ये रचना एकतर उलटवलीच नाही, किंवा दोनदा उलटवली आहे. अशा वेळी कणकेचे मॉडेल हातात घेऊन त्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी.